हर्मोक्रेटिसची मुलगी

इ.स.पू. ४०५ मध्ये सिसिलीतल्या सिरॅक्यूज शहरात दंगल उसळली. डायोनिशियस नावाचा तरुण सेनापती नुकताच तिथे सर्वेसर्वा होऊन बसला होता. कार्थेजविरुद्धच्या मोहिमेत त्याने सपाटून मार खाल्ला, आणि त्याच्यावर डूख धरून असलेले घोडेस्वार त्याच्याआधी शहरात येऊन थडकले. त्यांनी त्याचे घर लुटले आणि त्याच्या बायकोवर अत्याचार केले. प्लुटार्क सांगतो की त्यानंतर तिने स्वतःच जीव दिला. डायोनिशियसने शहर परत घेतले, सूड उगवला, काही वर्षांनी म्हणे एकाच दिवशी दोन बायका केल्या आणि मरेपर्यंत, म्हणजे इ.स.पू. ३६७ पर्यंत, राज्य केले. त्याच्याबद्दल पानेच्या पाने लिहिली गेली. मेलेल्या बायकोबद्दल मात्र इतकेच कळते की ती हर्मोक्रेटिसची मुलगी होती. तिचे नाव कोणीही लिहिलेले नाही.

बापाचे नाव मात्र सगळ्यांना ठाऊक होते. इ.स.पू. ४१५ ते ४१३ या काळात अथेन्सने सिरॅक्यूजवर जी अवाढव्य मोहीम काढली, तिची धूळधाण उडवणाऱ्यांत हर्मोक्रेटिस आघाडीवर होता. थ्युसिडिडीसने त्याची भाषणे दिली आहेत, प्लेटोच्या संवादांत तो पाहुणा म्हणून बसलेला आहे.

सिरॅक्यूजच्या त्या दंगलीनंतर साडेचारशे-पाचशे वर्षांनी आजच्या तुर्कस्तानातल्या एका शहरात कॅरिटन नावाच्या माणसाने एक प्रेमकथा लिहिली. तिची नायिका हर्मोक्रेटिसची मुलगी. कॅरिटनने तिला नाव दिले, कॅलिरोई. आठ भागांची ही ग्रीक कादंबरी पूर्ण स्वरूपात आपल्यापर्यंत पोचलेल्या युरोपीय कादंबऱ्यांत बहुधा सर्वांत जुनी आहे. म्हणजे प्राचीन काळावर आजचे लेखक ज्या प्रणयरम्य ऐतिहासिक कादंबऱ्या लिहितात, तो प्रकार प्राचीन काळातच जन्माला आला होता आणि तेव्हाही तो ‘जुन्या काळावर’च लिहिला जात होता.

कथानक सांगायलाच हवे, कारण ते सांगण्यात मजा आहे. कॅलिरोई आणि केरियस यांची गाठ ॲफ्रोडायटीच्या उत्सवात पडते. घराण्यांचे वैर आड येते, तेव्हा अख्खे गाव सभेत हर्मोक्रेटिसकडे रदबदली करते आणि लग्न लागते. जळफळाट झालेले इतर उमेदवार केरियसच्या मनात संशय पेरतात. तो रागाच्या भरात बायकोला लाथ मारतो. ती निपचित पडते, लोक तिला मेली समजून दागदागिन्यांसकट थडग्यात ठेवतात. थेरॉन नावाचा दरोडेखोर सोन्यासाठी थडगे फोडतो, तर आत बाई जिवंत. तो तिला जहाजात घालून मिलेटसला नेतो आणि विकतो. मिलेटसचा सगळ्यांत मोठा माणूस डायोनिशियस तिच्या प्रेमात पडतो. नवरा शोधत येतो आणि स्वतःच गुलाम होतो. प्रकरण बॅबिलोनला, साक्षात इराणी सम्राट आर्टझर्क्सिसच्या दरबारात जाते आणि न्याय करायला बसलेला सम्राटही तिच्यावर भाळतो. तेवढ्यात इजिप्तमध्ये बंड उठते. केरियस बंडखोरांना मिळतो, आरमाराची लढाई जिंकतो आणि एका बेटावर त्याला बायको परत मिळते.

दुसऱ्या नवऱ्याचे नाव डायोनिशियस आहे, हे वाचकाच्या ध्यानात आलेच असेल. खऱ्या इतिहासातल्या नवऱ्याचे नाव कॅरिटनने उचलले, पण माणूस पार बदलून टाकला. हा डायोनिशियस हुकूमशहा नाही. तो सुसंस्कृत, विधुर आणि थोडा हळवा आहे. बाई हातातली असूनही तो तिच्यावर जबरदस्ती करत नाही. ज्या मुलीला इतिहासात दंगलखोरांनी फाडले, तिच्याभोवती कॅरिटनने अशी माणसे उभी केली की चूक झालीच तर ती प्रेमापोटी किंवा मत्सरापोटी व्हावी. आणि मुख्य म्हणजे तिला त्याने मरू दिले नाही. तिला मेली म्हणून पुरले गेल्यावरच त्याची गोष्ट खरी सुरू होते.

‘पण हे खरेच घडले होते का?’ हा आपला ठरलेला प्रश्न. मराठीत ऐतिहासिक कादंबरी आली की पहिल्या आवृत्तीच्या आधी हा वाद येतो. कॅरिटनला तो विचारला असता तर त्याची त्रेधा उडाली असती. हर्मोक्रेटिस इ.स.पू. ४०७ मध्ये हद्दपारीतून जबरदस्तीने घरी परतताना सिरॅक्यूजच्या रस्त्यात मारला गेला. दुसरा आर्टझर्क्सिस त्यानंतर दोन-तीन वर्षांनी गादीवर आला. कादंबरीत दोघे एकाच वेळी नांदत आहेत. हा तक्रारीचा सूरही नवा नाही. चौथ्या शतकात रोमन सम्राट ज्युलियनने पुरोहितांना बजावले होते की इतिहासाचा मुखवटा चढवलेल्या कपोलकल्पित प्रेमकथा वाचू नका. त्याच सुमाराच्या थिओडोरस प्रिसियानस या वैद्याने मात्र नपुंसकतेवर उपाय म्हणून अशाच कथा वाचायला सांगितल्या. सम्राट आणि वैद्य यांच्यात वाचकांनी कोणाचे ऐकले असेल, ते सांगायला नको.

कॅरिटन स्वतःबद्दल पहिल्याच वाक्यात सांगून मोकळा होतो: राहणार ॲफ्रोडिसियस, अथेनागोरस वकिलाकडे कारकून. नाव-गाव सांगून सुरुवात करायची रीत हिरोडोटसची आणि थ्युसिडिडीसची. म्हणजे हा कारकून इतिहासकारांचा अंगरखा घालून प्रेमकथा सांगायला उभा राहतो आणि त्याला त्याची लाज नाही. काहींना हे टोपणनाव वाटले होते, कारण प्रेमाच्या देवीच्या शहरातला गोड नावाचा लेखक हे जरा अतीच जुळून आलेले. पण ॲफ्रोडिसियसच्या शिलालेखांत कॅरिटन आणि अथेनागोरस ही दोन्ही नावे सापडली आहेत.

ते शहर आज गेरे या खेड्याजवळ आहे. १९५८ मध्ये आरा गुलेर हा छायाचित्रकार वाट चुकून तिथे पोचला, तेव्हा गावकरी प्राचीन खांबांच्या तुकड्यांवर बसून पत्ते खेळत होते. त्याची छायाचित्रे जगभर गेली. १९६१ पासून केनान एरिम या पुरातत्त्वज्ञाने तिथे उत्खनन चालवले, ते १९९० मध्ये मरेपर्यंत. त्याला पुरलेही तिथेच. देवीचे मंदिर, हजारो प्रेक्षक मावतील असे क्रीडांगण आणि रोमन सम्राटांच्या शौर्याची शिल्पे असा सगळा थाट आहे. २०१७ मध्ये हे ठिकाण जागतिक वारशाच्या यादीत आले.

कारकुनी मात्र कॅरिटनच्या हाडीमाशी भिनलेली होती. थेरॉन कॅलिरोईला डायोनिशियसच्या कारभाऱ्याला विकतो तो प्रसंग पाहा. भाव ठरतो एक टॅलंट चांदी. कारभारी म्हणतो, शहरात जाऊन रीतसर खरेदीखत करू. थेरॉनला ते कुठून परवडणार? माल चोरीचा, बाई स्वतंत्र घराण्यातली. तो पैसे आधी पदरात पाडून घेतो, कागद उद्यावर ढकलतो आणि रातोरात पसार होतो. मग मालक विचारतो, खत कुठे आहे? कारभाऱ्याची बोबडी वळते. अशी जागा वकिलाच्या कचेरीत हयात घालवलेल्या माणसालाच सुचते. बॅबिलोनच्या दरबारातला खटलाही तसाच रंगतो. डायोनिशियस पुराव्यादाखल पत्र पुढे करतो, समोरचा पक्ष शांतपणे ऐकून घेतो आणि मग मेलेला समजला गेलेला पहिला नवराच भर दरबारात हजर करतो. असा साक्षीदार मिळावा ही जगातल्या प्रत्येक वकिलाची इच्छा असेल.

पण या कादंबरीतला सर्वांत मोठा प्रसंग दरबारात घडत नाही. तो मिलेटसजवळच्या शेतावरच्या घरात, दार बंद करून घडतो.

कॅलिरोईला आंघोळ घालताना प्लँगॉन या गुलाम बाईला तिच्या पोटाकडे पाहून कळते की हिला दिवस गेले आहेत. दोन महिने झाले आहेत, म्हणजे मूल केरियसचे. प्लँगॉन अनुभवी आहे. डायोनिशियसचे प्रेम सफल झाले तर आपल्या नवऱ्यावरची मालकाची खप्पा मर्जी टळेल, हा तिचा स्वार्थही आहे. ती हिशेब मांडून दाखवते: आत्ता लग्न केलेस तर सातव्या महिन्यात बाळ झाले असे सांगता येईल. नाहीतर मूल गुलाम म्हणून जन्मेल किंवा पाडावे लागेल. कॅलिरोई वरच्या खोलीत जाते. बोटातल्या अंगठीवरची नवऱ्याची छबी ती पोटावर धरते आणि म्हणते की आपण तिघे आहोत, तेव्हा मतदान घेऊ. तिचे स्वतःचे मत मरणाच्या बाजूने, केरियसची बायको म्हणूनच मरायचे. पोटातल्या बाळाचे मत विरोधात. स्वप्नात आलेल्या केरियसने मूल तिच्या हवाली केले होते, म्हणून त्याचेही मत बाळाच्या बाजूने. दोन विरुद्ध एक. ती हरते आणि दुसरे लग्न करते.

ग्रीक नगरराज्यात बाईला मत नव्हते. सभेत ती बसू शकत नव्हती, आणि वाग्दानापासून हुंड्यापर्यंत सारे बाप आणि नवरा ठरवत. कॅरिटनने सबंध सभाच त्या बाईच्या पोटावर भरवली. अध्यक्ष ती, मतदार ती, बाकी दोघांच्या वतीने बोलणारीही तीच. पातिव्रत्य आणि मातृत्व यांच्या कात्रीत सापडलेली बाई आपल्या पुराणांत आणि नाटकांत खूप आहे, पण तिथे बहुतेक वेळा ऋषी, देव किंवा आकाशवाणी धावून येते. इथे कोणी येत नाही. उरलेल्या ग्रीक कादंबऱ्यांच्या नायिका तर कौमार्य किंवा पातिव्रत्य अभंग राखून शेवटी पोचतात, ते या प्रकाराचे जवळजवळ ठरलेले बंधन होते. कॅरिटनने ते मोडले, आणि तरी नायिकेच्या कपाळी कलंक लावला नाही.

ही कादंबरी आपल्या हाती आली तो योगायोगच म्हणायचा. फ्लॉरेन्समध्ये तेराव्या शतकातले, बारीक अक्षरात लिहिलेले एकुलते एक हस्तलिखित होते. त्यावरून ती छापली गेली १७५० मध्ये, ॲमस्टरडॅमला. एर्विन रोडे या नीत्शेच्या मित्राने १८७६ मध्ये ग्रीक कादंबरीवर जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यात कॅरिटनला त्याने अगदी शेवटी, पाचव्या-सहाव्या शतकात ढकलले. त्याच्या मते हा ऱ्हासकाळातला लेखक. मग इजिप्तच्या वाळूतून पपायरसचे तुकडे निघू लागले. १९०० मध्ये प्रसिद्ध झालेल्या फयुमच्या तुकड्याने आणि पुढच्या शोधांनी दाखवून दिले की दुसऱ्या शतकात इजिप्तच्या आडगावातसुद्धा लोक कॅरिटन वाचत होते. शेवटचा ठरवलेला लेखक पहिल्या रांगेत येऊन बसला. उलरिख विल्केन या जर्मन पंडिताने इजिप्तमध्ये कॅरिटनच्या दुसऱ्या एका जुन्या प्रतीची पाने विकत घेतली होती. त्यांच्यावर कोणीतरी मूळ मजकूर खरडून कॉप्टिक भाषेत लिहिले होते. विल्केनने काही भाग उतरवून घेतला. पाने जर्मनीला जाताना हॅम्बुर्ग बंदरात जहाजाला आग लागली आणि ती जळून गेली. आता आहे ती विल्केनची नक्कल.

कॅरिटन एकटा नव्हता. हिरोडोटसने सामोसच्या पॉलिक्रेटिस या सत्ताधीशाच्या मुलीचा एक प्रसंग सांगितला आहे. बाप इराणी सुभेदाराच्या भेटीला निघाला. मुलीला स्वप्न पडले होते की बाप अंतराळात लटकतो आहे, त्याला देव आंघोळ घालतो आहे आणि सूर्य तेल चोळतो आहे. ती रडून त्याला अडवू लागली. बाप खेकसला, सुखरूप परत आलो तर तुझे लग्न लांबणीवर टाकीन. ती म्हणाली, चालेल, पण तुम्ही हवेत. बाप गेला, सुभेदाराने त्याला मारून प्रेत लटकावले, पावसाने ते धुतले आणि उन्हाने त्यातून चरबी झिरपवली. हिरोडोटसच्या सबंध ग्रंथातल्या उत्तम मुलींपैकी ही एक, आणि तिचे नाव त्याने दिलेले नाही.

एका अनाम कादंबरीकाराने ते दिले, पार्थेनोपी. मॅरॅथॉनच्या लढाईचा विजेता मिल्टायडीसचा मुलगा मेटिओकस तिचा प्रियकर झाला. कादंबरी हरवली, तुकडे उरले. त्यांतल्या एकात पॉलिक्रेटिसच्या मेजवानीत प्रेम म्हणजे काय यावर वाद रंगला आहे. पंख लावलेले, धनुष्य घेतलेले आणि कधीच मोठे न होणारे पोरगे जगावर राज्य करते ही कल्पना मेटिओकस उडवून लावतो आणि पार्थेनोपी चिडते. दोघे प्रेमात पडणार हे वाचकाला त्याच क्षणी कळते. युफ्रेटिसकाठच्या झ्यूग्मा शहरातल्या एका घराच्या जमिनीवर या जोडप्याचे मोझेइक चित्र होते. चोरांनी ते तुकड्यांत कापून नेले, ते अमेरिकेत ह्यूस्टनला पोचले आणि २००० मध्ये तुर्कस्तानला परत मिळाले.

या पोरीची खरी कमाल पुढेच आहे. अकराव्या शतकातला फारसी कवी उन्सुरी हा महमूद गझनीचा राजकवी. आपल्याला महमूद म्हणजे सोमनाथ. त्याच्याच पदरी असलेल्या या कवीने ‘वामिक व अझरा’ हे प्रेमकाव्य रचले. ते हरवले होते. मग मोहम्मद शफी या विद्वानाला त्याची काही पाने एका जुन्या पुस्तकाच्या बांधणीत कोंबलेली सापडली आणि १९६७ मध्ये लाहोरला ती प्रसिद्ध झाली. त्या फारसी काव्यात नायिकेच्या बापाचे नाव आहे फुलुक्रात. म्हणजे आपला पॉलिक्रेटिसच. टोमास हेग आणि बो उतास या दोन स्वीडिश अभ्यासकांनी २००३ मध्ये ग्रीक तुकडे आणि फारसी पाने शेजारी ठेवून सगळी साखळी जुळवली. हिरोडोटसने बिननावाची सोडून दिलेली मुलगी दीड हजार वर्षांनी गझनीच्या दरबारात अझरा होऊन पोचली होती.

तिसऱ्या प्रकरणात उलटे घडले. निनस आणि सेमिरामिस यांच्या कादंबरीचे तुकडे बर्लिनमधल्या एका पपायरसवर आहेत. कागदाची पाठकोरी बाजू पुढे कोणीतरी हिशेबाला वापरली आणि त्या हिशेबांचे साल इ.स. १०० च्या आसपासचे आहे, म्हणजे कादंबरी त्याआधीची. ग्रीक इतिहासकारांची सेमिरामिस म्हणजे जबरदस्त बाई. डायोडोरसने ऐकवलेल्या गोष्टीत ती हिंदुस्थानवर स्वारी करते आणि हत्तींना तोंड द्यायला तीन लाख काळ्या बैलांची कातडी शिवून खोटे हत्ती बनवते. कादंबरीत तीच तेरा वर्षांची लाजाळू पोर आहे. सतरा वर्षांचा निनस मावशीकडे जाऊन तिच्या मुलीला मागणी घालतो आणि जोरदार भाषण ठोकतो. मुलगी आपल्या मावशीकडे, म्हणजे त्याच्या आईकडे जाते आणि तिच्या तोंडून शब्दच फुटत नाही, नुसती रडते. (मावसबहिणीला मागणी! मामाची मुलगी चालणाऱ्या मराठी वाचकाला इथे ठेच लागतेच.) नाव होते, पराक्रम होता, आणि प्रेमकथेने दोन्ही काढून घेतले. हा प्रकार मला कॅरिटनच्या काळगोंधळापेक्षा जास्त खटकतो. तारखा चुकल्या तर वाचक दुरुस्त करू शकतो. राणीची बाहुली केली तर ती बाहुलीच राहते.

कॅरिटनलाही सूट देण्याचे कारण नाही. गरोदर आहे हे माहीत नसताना का होईना, नवऱ्याने बायकोला लाथ मारली, आणि सबंध आठ भागांत त्याची सजा म्हणाल तर त्याने स्वतः सोसलेले हाल. गुलामांचे तर विचारूच नका. केरियस आणि त्याचा मित्र पोलिकार्मस केरियाच्या सुभेदाराच्या शेतावर बेड्या घालून राबत असतात. त्यांच्या टोळीतले काही जण पहारेकऱ्याला मारून पळू पाहतात, आणि सोळाच्या सोळा जणांना सुळावर द्यायचा हुकूम होतो. ऐनवेळी पोलिकार्मसच्या तोंडून कॅलिरोईचे नाव निघते आणि दोघे मित्र वाचतात. बाकीच्यांवर कॅरिटन एक ओळ खर्च करत नाही. एका अनाम मुलीला नाव देणाऱ्या लेखकाने त्यांना अनामच मरू दिले.

आपल्याकडेही अशी एक रिकामी जागा आहे. इ.स.पू. ३०३ च्या सुमारास सेल्युकस आणि चंद्रगुप्त मौर्य यांच्यात तह झाला. सेल्युकसला पाचशे हत्ती मिळाले आणि सोयरीक झाली, असे ग्रीक ग्रंथकार सांगतात. कोणाची मुलगी कोणाला दिली, हेही ते सांगत नाहीत. मग लेखकांनी जागा भरली. द्विजेंद्रलाल रॉय यांच्या १९११ च्या बंगाली नाटकात ती हेलन झाली, जयशंकर प्रसादांच्या १९३१ च्या हिंदी नाटकात कार्नेलिया, आणि दूरचित्रवाणीवरच्या मालिकांत पुन्हा हेलेना. प्रसादांची कार्नेलिया भारतावर लुब्ध आहे, त्याचे गुणगान गाते. गाणे सुंदर आहे. पण ती आपल्या देशाची तारीफ करायला बोलावलेली पाहुणी राहते. तिला कठीण असा निर्णय कोणी घ्यायला लावत नाही. बापाच्या छावणीतून निघून, भाषा न कळणाऱ्या पाटलीपुत्रात येऊन पडलेल्या मुलीने कोणते मतदान घेतले असेल? हरिभाऊ आपट्यांनी ‘चंद्रगुप्त’ लिहून मराठीत पाटलीपुत्राचा दरवाजा केव्हाच उघडला आहे, ही मुलगी मात्र अजून बाहेरच आहे. आणि अनाम मुलींचा दुष्काळ नसलेल्या आपल्या मुलखात उलटे उदाहरणही आहे: नाणेघाटातल्या लेण्यात सातवाहन घराण्याच्या मूर्ती फुटून गेल्या, पण त्यांच्यावर कोरलेली नावे राहिली, आणि त्यांत राणी नागनिकेचे आहे. तिच्यावर लिहू पाहणाऱ्याला नाव शोधावे लागणार नाही, माणूस शोधावा लागेल.

ऐतिहासिक प्रणयकथेला ‘इतिहासाशी प्रामाणिक आहेस का’ असे विचारण्यात माझ्या मते अर्धाच मुद्दा येतो. इतिहासाने जिचे नावही ठेवले नाही तिला तू काय दिलेस, हे विचारायला हवे. नुसते रूप दिले असेल तर सेमिरामिसची पोर होते. निर्णय दिला असेल तर कॅलिरोई होते. कॅरिटन या कसोटीला एकदा नव्हे, दोनदा उतरतो. अगदी शेवटी, सगळे आलबेल झाल्यावर, जहाज सिरॅक्यूजकडे निघायच्या आधी कॅलिरोई डायोनिशियसला स्वहस्ते पत्र लिहिते. मूल ती त्याच्यापाशीच ठेवते, नीट वाढव म्हणते, मोठा झाला की आजोळी पाठव म्हणते. त्या बिचाऱ्याला शेवटपर्यंत ते आपलेच वाटते. आणि हे पत्र ती केरियसपासून लपवते, कारण त्याचा संशयी स्वभाव तिला पुरता ठाऊक आहे. हा मुलगा म्हणजेच पुढचा सिरॅक्यूजचा हुकूमशहा डायोनिशियस, असे कॅरिटन सुचवत असावा, असे काही अभ्यासकांना वाटते. तसे असेल तर कारकुनाने इतिहासाची चेष्टाच केली: जो खऱ्या आयुष्यात तिचा नवरा, तो गोष्टीत तिचा मुलगा.

वाचायची इच्छा झाली तर बी. पी. रिअर्डन यांनी संपादित केलेला प्राचीन ग्रीक कादंबऱ्यांचा १९८९ चा इंग्रजी संग्रह शोधा. आधी कॅरिटन वाचा. त्याचे आठ भाग लहान आहेत. दुसऱ्या भागात मतदान आहे आणि आठव्यात पत्र आहे. मधल्या समुद्री लढाया भराभर उरकल्या तरी चालेल.